दुपारचा आकडा

तिने सिरिंज उजेडाला धरली. आज इन्सुलिनची दोन नव्हे, तीन युनिटं. टिचकी मारून बुडबुडा नाही ना, ते पाहिलं. खाली बोका ताटलीत तोंड खुपसून जेवत होता. त्याचं जेवण संपत आलं की मानेमागची कातडी चिमटीत धरायची आणि टोचायचं. हे तिला झोपेतही जमलं असतं. तशी गेले चार महिने ती अर्धवट झोपेतच होती. बाळ चार महिन्यांचं होतं.

आज मात्र हात थबकत होता. "साखर फार उतरली तर त्याचे पाय लटपटतील, फिटही येईल. जिवावर बेतू शकतं, लक्ष ठेवा," जनावरांचे डॉक्टर दुपारी फोनवर म्हणाले होते. पण वहीतले आकडेच तसे होते. आठवडाभर दुपारची साखर तीनशेच्या वर. डोस वाढवण्यावाचून इलाज नव्हता.

रोज एक वाजता ती बोक्याच्या कानाच्या कडेला टोचायची. रक्ताचा थेंब साखर मोजायच्या मशीनच्या पट्टीला लावायची. मग कानावर हलकेच फुंकर घालून म्हणायची, "झालं हं. शहाणं माझं बाळ ते." नेमकं तेव्हाच खरं बाळ भोकाड पसरायचं. आकडा न बघताच मशीन ओट्यावर तसंच टाकून ती धावायची. त्याला पाजून, थोपटून, निजवून परत आली की बटण दाबायची आणि मशीनमधला शेवटचा आकडा वहीत उतरवायची.

सासूबाई जेवता जेवता हा सोहळा बघत असायच्या. बोक्याला त्या जावईबापू म्हणायच्या. "जावईबापूंचं पोट भरलं का? जावईबापू रुसले का?" परवा तर म्हणाल्या, "आम्ही तापाने फणफणलो तरी कुणी कपाळाला हात लावला नाही. आणि याच्या कानाला फुंकर!" ती हसली होती. सासूबाईंच्या बोलण्याला टोक असायचंच.

बोका रिकामी ताटली चाटू लागला. ती खाली बसली. त्याची कातडी चिमटीत धरली.

"थांब!"

दारात सासूबाई उभ्या होत्या. हातात बाळाचं अर्धवट घडी केलेलं झबलं.

"तीन नको देऊस त्याला. ते आकडे जावईबापूंचे नाहीत."

"म्हणजे? मग कुणाचे?"

सासूबाईंनी झबलं खांद्यावर टाकलं आणि डावा हात पुढे केला. बोटांच्या टोकांवर बारीक काळे ठिपके होते. पट्ट्यांची डबी लवकर का संपते, हे तिला आत्ता कळलं. झोप नाही म्हणून आपणच मोजायला चुकतो, असं तिला वाटत होतं.

"तू बाळाकडे गेलीस की मी टोचून घ्यायची," सासूबाई म्हणाल्या. "तू वहीत माझाच आकडा लिहितेस, हे मला कुठे ठाऊक? आज तुझं फोनवरचं बोलणं ऐकलं, तेव्हा कळलं."

"पण मुळात टोचून घ्यावंसं का वाटलं तुम्हाला?"

"डॉक्टर याची लक्षणं सांगत होते ना? सारखी तहान, सारखं लघवीला जाणं, खाऊनही वजन उतरणं. मी शेजारी बसून माझी मोजत होते."

"आई, मला सांगायचं तरी!"

"कधी सांगू? तुझ्याकडे आधीच दोन. एकाला रांगता येत नाही, एकाला बोलता येत नाही. त्यात मी तिसरी कुठे येऊ?"

सिरिंजमधलं एक युनिट तिने बेसिनमध्ये सोडलं. बोक्याला नेहमीची दोन टोचली. त्याने शेपटीही हलवली नाही. मग तिने हात धुतले, मशीन ओढलं, नवी सुई काढली आणि स्टूल पुढे सरकवलं.

"बसा. आणि उद्या सकाळी डॉक्टरकडे. माणसांच्या."

सासूबाई शाळेतल्या मुलीसारख्या बोट पुढे करून बसल्या. तिने टोचलं. त्यांनी डोळे गच्च मिटले. थेंब पट्टीला लागला, मशीन वाजलं, आकडा उमटला आणि आत बाळाने भोकाड पसरलं.

"जा, जा," सासूबाई डोळे न उघडताच म्हणाल्या. "रडतोय तो."

ती उठली नाही. त्यांचं बोट दोन्ही हातांत धरून आधी तिने त्यावर फुंकर घातली.