राजीनामा मंजूर

भैयालालने पेढ्यांचा पुडा उघडूनच घरात पाऊल टाकलं. "लो देवराव भैया, मुँह मीठा करो. आज राजीनामा हो गया."

देवरावांचा पेढा हातातच राहिला. भैयालाल शेजारच्या क्वार्टरमधला, प्लांटमध्ये क्रेन चालवायचा. नोकरीची बारा वर्षं बाकी, दोन पोरींची लग्नं व्हायची, आणि हा गडी राजीनामा देऊन पेढे वाटत फिरतोय. अख्ख्या सेक्टर दोनमध्ये असा शहाणा दुसरा सापडला नसता.

"कावून देला बाबू राजीनामा? मले एका शब्दानं विचारायचं तरी."

इतक्या वर्षांच्या शेजारामुळे भैयालालला मराठी समजायचं. तो हसतच सुटला. "प्लांट क्यों छोडूँगा भैया? भाई से राजीनामा हुआ. अहिवारावाले खेत का. ग्यारह साल कोर्ट में लड़े, अब दोनों राजी हैं, तो लिखा-पढ़ी हो गई. इसी को तो राजीनामा कहते हैं. नौकरी छोड़ो तो वो इस्तीफा."

"राजीनामा म्हणजे राजी असल्याचा कागद?"

"और क्या?"

स्वयंपाकघरात सुशीला हसत होती. तिचं हसणं मधेच थांबलं. ती ओल्या हातांनी बाहेर आली आणि नवऱ्याकडे बघत राहिली. देवराव उठले, कपाट उघडलं आणि कपड्यांखालून लेकीचं पत्र आणि एक तार काढली.

विजया त्यांची एकुलती एक. भोपाळला शिकायला गेली आणि तिथल्या तळ्यावरच्या क्लबात शिडाची बोट चालवायला शिकली. इतकी चांगली शिकली, की मुंबईहून मॉरिशसला निघालेल्या बोटीवरच्या सात जणांत तिला घेतलं. दिवाळीत घरी येऊन तिने हे सांगितलं तेव्हा देवराव ताटावरूनच ओरडले होते, "मी तुहा बाप हावो तोवर समुद्राचं नाव काढायचं नाही." ती न जेवता उठली आणि दुसऱ्या दिवशीच्या गाडीने भोपाळला गेली. महिन्याभराने पत्र आलं. तिची सगळी शाळा इथे हिंदी मुलखात, हिंदीत झालेली. मराठी घरात बोलून बोलून आलेलं, तसंच लिहिलेलं.

'बाबा, मले तुमचा राजीनामा पायजे. सही करून पाठवा. त्याच्याशिवाय मले जाता येत नाही.'

बाप आहे तोवर जाता येत नाही, म्हणून बापाचा राजीनामा. देवरावांनी ते असंच वाचलं होतं. काळीज फाटलं त्यांचं, पण लगेच कागद घेतला. प्लांटच्या पर्सोनेल ऑफिसच्या खिडकीवर बावीस वर्षं असलेच इंग्रजी कागद घेण्यात गेली होती, मजकूर तोंडपाठ होता; तो मराठीत उतरवला. वरती ठळक अक्षरांत 'राजीनामा'. खाली, 'मी, देवराव मारोतराव भोयर, माझी मुलगी विजया हिच्या वडीलपदाचा आजपासून स्वखुशीने राजीनामा देत आहे.' सही, तारीख. रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला.

दहा दिवसांनी मुंबईहून तार आली. 'राजीनामा मंजूर. उद्या बोट निघते. विजया.'

"पोरीनं बाप सोडला," एवढंच देवराव त्या दिवशी सुशीलेला म्हणाले. त्यानंतर घरात कोणी विजयाचं नाव घेतलं नव्हतं.

आता पत्र आणि तार दोन्ही त्यांच्या मांडीवर होती.

"तिच्या क्लबच्या बाबूनं वरचं 'राजीनामा' पाह्यलं असंल," ते म्हणाले. "खालची सही पाह्यली असंल. झालं त्याचं काम. तिथं मराठी कोण वाचते?"

मधलं फक्त विजयाने वाचलं होतं. आणि वाचून, तोच कागद स्वतःच्या हाताने बाबूच्या टेबलावर ठेवला होता.

भैयालालला सगळं कळलं नाही, पण काहीतरी बिनसलं एवढं कळलं. त्याने पुडा हळूच मिटला. "बिटिया कहाँ है अभी?"

"पाण्यात," सुशीला म्हणाली. "आज बारा दिवस झाले."

भैयालाल चपला घालून निघून गेला. सुशीला दारापाशीच उभी होती.

"राजी हाय का, एवढंच विचारलं होतं वो तिनं तुमाले."

देवरावांनी पत्राची घडी घातली.

"मंग मॉरिशसले पत्र टाका. बोट लागंल तवा भेटंल तिले. म्हना, समजलं नवतं, चुकून देला. वापस घेऊन राहिलो म्हना."

देवरावांनी तार उचलली. शब्द तेच होते. खिडकीवर अशी माणसं नेहमी यायची, रागाच्या भरात दिलेला कागद परत मागायला. कोणी हात जोडायचं, कोणी बायकोला सोबत आणायचं. त्या प्रत्येकाला ते जे सांगत आले, तेच आत्ता तोंडून निघालं.

"मंजूर झाल्यावर वापस घेता येत नाही."

हे ऐकून खिडकीवरचा माणूस जरा वेळ तसाच उभा राहायचा. मग देवराव त्याला बाजूला व्हायला सांगायचे आणि मागच्याला पुढे घ्यायचे. सुशीला तशीच उभी राहिली. तिच्या मागे कोणी नव्हतं.