मागचे लाल दिवे

दुपारचे दोन वाजले होते, तरी ध्रुवाजवळच्या त्या खिंडीत हिवाळ्याचा काळोखच होता. बर्फाच्या दिवसांत गाड्या एकामागे एक ताफ्यानेच सोडणाऱ्या फाटकावरच्या म्हाताऱ्या ओडवारने तूरुनच्या गाडीच्या काचेवर टकटक केलं.

"पोरी, ताफ्यात तू शेवटची. तुझ्यामागे फाटक बंद करतोय. पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडू नकोस. आणि मोठे दिवे लावशील, तर नुसता बर्फच बघत बसशील."

"दरवर्षी तेच सांगतोस, आजोबा," म्हणत तूरुन निघाली.

अर्ध्या वाटेवर आरशात दोन दिवे दिसले. फाटक चुकवून आलं असेल कुणी.

पण मागून येणाऱ्या गाडीचे दिवे पांढरे दिसायला हवेत. हे लाल होते. गाडी पाठमोरी होती आणि तरी तूरुनच्याच वेगाने मागे येत होती.

तूरुनने घाईघाईने समोर पाहिलं. तिथले लाल दिवे गेले होते. त्यांच्या जागी दोन पांढरे दिवे थेट तिच्यावर रोखलेले होते, आणि ती कितीही पुढे गेली तरी अंतर तेवढंच राहत होतं.