डाव्या अंगाला

“वाईट हाय का चांगली, तेवढं सांगा बाई,” नर्मदाबाई म्हणाली. “बाकीचं मला काय कळनार?”

नांदेडच्या डॉक्टरीणबाईंनी फोटो उजेडाला धरला. मूत्रपिंडाच्या डोक्यावर एक ग्रंथी असते, तिच्यात सुपारीएवढी गाठ होती. “आज नाही सांगता येत,” त्या म्हणाल्या. “काही गाठी अशाच असतात. धड साधी म्हणवत नाही, धड कॅन्सरची म्हणवत नाही. कापायची घाई नको. सहा महिन्यांनी पुन्हा फोटो काढू.”

नर्मदाबाईचा जीव टांगणीला लागला. वाईट म्हटलं असतं तर रडून मोकळी तरी झाली असती. शेजारी तिचा नवरा पुंजाजी कपाळ चोळत बसला होता. जन्मभर मेंढरं राखलेला माणूस; अंगावरून हात फिरवून जनावराचं दुखणं सांगायचा. आज बायकोचं दुखणं त्याच्या हाताला लागेना.

रक्ताचा रिपोर्ट आणायला चार दिवसांनी तो एकटाच गेला, तो दुसऱ्या दिवशी दुपारी परतला. गाडी चुकली म्हणाला.

“काय निघालं?” तिनं विचारलं.

“सगळं बराबर हाय. तुला काय होत न्हाई.”

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यानं आपली काठी तिच्या हातात दिली. “चल. आजपासून मेंढरामागं यायचं.”

नर्मदाबाई बघतच राहिली. त्यांच्या घरी बायकांनी कोकरं सांभाळायची. कळपामागची काठी पुरुषाची. एकुलता एक मुलगा शिवहार पुण्याला कंपनीत लागला, तेव्हा त्याची काठीसुद्धा पुंजाजीनं आढ्याला खोचून ठेवली होती, बायकोला दिली नव्हती.

“आवं, मला गाठीचा घोर लागलाय, आन् तुमी मेंढरं काहून शिकवून राहिले?”

“घोर घरी बसून वाढते. तू माझ्या डाव्या अंगाला राह्य, आन् सांगतो ते ध्यानात ठेव.”

बायको डाव्या अंगाला, हे लग्नापुरतं तिला ठाऊक होतं. आता सिद्धेश्वरच्या धरणाकाठानं रोज तशीच वरात निघू लागली. जिभेनं टाळू वाजवून कळप कसा वळवायचा, कोवळी ज्वारी मेंढराला कशी बाधते, अडलेली मेंढी कशी सोडवायची, सारं त्यानं शिकवलं. मास्तर मात्र कडक होता. एकदा तीन मेंढरं त्याच्या शेजारूनच कोणाच्या हळदीत शिरली, आणि तो तिच्यावरच ओरडला. “डाव्या अंगाला तू हायस ना!”

ती मुळूमुळू रडली. घरी जेवताना बघते तर त्यानं ताटातलं डावीकडचं भरलं वांगं तसंच ठेवलेलं.

“हे काहून टाकलं?”

पुंजाजीनं मान वळवून ताटाकडं पाहिलं. “तुझ्यासाठी ठेवलं.”

एवढ्यानं तिचा राग पळाला. बायकांचं मन ते! लाजत तिनं ते वांगं खाल्लं.

आणि मग एक दिवस तिला घाटीची आठवण झाली. सासरा म्हणायचा, जे मेंढरू टिकणार नाही, त्याच्या गळ्यात घाटी बांधू नये. सारा कळप त्या घंटेच्या आवाजावर चालतो. हे घराण्यात पुंजाजीइतकं कोणी पाळलं नसेल. मग असला माणूस मरायला टेकलेल्या बायकोच्या हाती कळप देईल होय? म्हणजे मी राहणार. ह्याला कळलंय.

तेव्हापासून तिला भाकर गोड लागू लागली. चालून चालून पाय घट्ट झाले. पुंजाजी तेवढा वाळत चालला होता. बायकोच्या काळजीनं, गाव म्हणे. तिलाही तेच वाटे, आणि मनातून बरंही वाटे.

सहा महिन्यांनी दवाखान्यात तो बाहेरच्या बाकड्यावरच बसून राहिला. “तू हो पुढं. आता एकटीनं बोलायची सवय कर.”

डॉक्टरीणबाईंनी नवा फोटो जुन्याशेजारी लावला. “तसूभरही वाढलेली नाही. कसली आहे ते अजून सांगता येत नाही, फोटो काढत राहू. पण अशीच राहिली, तर तिच्यासकट म्हाताऱ्या व्हाल.”

नर्मदाबाईनं पदर डोळ्यांना लावला. रडता रडताच हसली. “आमच्या मालकाला पयल्यापासून ठाव व्हतं, बाई. मी राहनार म्हनूनच त्यांनी माझ्या हाती काठी देली.”

डॉक्टरीणबाईंचा हात थांबला. त्यांनी दाराकडं पाहिलं, मग तिच्या फाईलीखालून दुसरी फाईल ओढून वर घेतली.

“तुमच्याच गाठीचं आम्हाला कळत नव्हतं, नर्मदाबाई,” त्या हलकेच म्हणाल्या. “त्यांच्या डोक्यातल्या गाठीचं, ते तुमचा रिपोर्ट न्यायला आले तेव्हाच कळलं होतं. डाव्या बाजूचं त्यांना अजून काही दिसतं का?”