धरून ठेवलं होतं

पायाखालची वाळू सरकली तेव्हा तिला आधी गंमतच वाटली. पुढच्या पावलाला वाळू लागलीच नाही.

वॉटर स्कूटरची रांग लांब होती, म्हणून तेवढ्यात दोघं नवरा-बायको डुंबायला उतरली होती. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधेच राहा, असं जीवरक्षकाने बजावलं होतं आणि ती मधेच उतरली होती. आता मान वळवून पाहिलं तर दोन्ही झेंडे पार एका अंगाला गेलेले, आणि मुलीला कडेवर घेऊन काठावर उभ्या असलेल्या सासूबाई बोटाएवढ्या दिसत होत्या.

तिला पोहता येत होतं. त्याला नाही. ओढीशी झुंजायचं नाही, अंग सैल सोडायचं, हात वर करून मदत मागायची, हे सगळं तिला आठवत होतं.

"अहो, उताणे व्हा," ती ओरडून म्हणाली. "मी आहे. उताणे व्हा."

त्याची नजर तिच्यावर होती, पण तिला ओळखत नव्हती. त्याने दोन्ही हातांनी तिचे खांदे पकडले आणि तिच्यावर भार देऊन तो वर आला. ती खाली गेली.

खाली हिरवट अंधार होता. ती त्याची बोटं सोडवू लागली, तशी ती खांद्यांत आणखी रुतली. एकदा कसंबसं तोंड वर आलं. अर्धा श्वास, अर्धं खारं पाणी. "सोडा," एवढंच म्हणता आलं. त्याने तिला पुन्हा दाबलं. आता तिला समुद्राची भीती वाटत नव्हती. समुद्र तिला बुडवत नव्हताच. जीव खाऊन ती त्याच्या मनगटाला कडकडून चावली.

जीवरक्षक फळीवरून हात मारत पोचला तेव्हाही ते हात सुटलेले नव्हते. "आधी त्यांना सोडा," तो दोनदा म्हणाला.

काठावर माणसं गोळा झाली. कुणीतरी टॉवेल दिला. नवरा धापा टाकत होता, तरी बोलायचा थांबत नव्हता.

"नुसती खाली जात होती हो. मी घट्ट धरून ठेवलं होतं म्हणून. घाबरून चावलीसुद्धा मला, हे बघा. पण सोडलं नाही मी."

त्याने मनगट सगळ्यांना दाखवलं. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि ते खोटं नव्हतं.

"तो होता म्हणून वाचलीस गं," सासूबाईंनी तिच्या गालावरून हात फिरवला.

जीवरक्षक तिच्याकडे बघत होता. "ताई, बऱ्या आहात ना?"

तिने मान हलवली. तिचं पोर टॉवेलात शिरून तिला बिलगलं होतं. काय सांगायचं, आणि कुणाला?

हळूहळू माणसं पांगली. नवरा तिच्या शेजारी वाळूत येऊन बसला.

"उद्या परत उतरू," तो मायेने म्हणाला. "भीती लगेच मोडलेली बरी. मी आहे ना."

आणि त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला.

कोरड्या वाळूवर बसल्या बसल्या तिने छाती भरून श्वास घेतला, आणि ओठ घट्ट मिटून तो आत धरून ठेवला.