उताराला पुढे कोण

“उताराला पुढे कप्तान, त्याच्या मागे वहिनी, मग मास्तर, आणि शेपटाला मी,” बेकरीवाल्याने जाहीर केलं आणि बसल्या बसल्या खुर्चीला एक गिरकी दिली.

दुपारच्या सुट्टीपुरतं सलूनचं शटर अर्धं ओढलेलं होतं. गिऱ्हाइकांच्या खुर्च्यांत बेकरीवाला, मास्तर आणि मास्तरची बायको बसले होते. कप्तान, म्हणजे सलूनचा मालक, बेसिनला टेकून चहा पीत उभा होता. मास्तरने नकाशा मांडीवर पसरला होता. शनिवारी सकाळी सायकली काढायच्या, चढ चढून खिंड गाठायची, वरच्या विश्रामगृहात मुक्काम. रविवारी पलीकडच्या अंगाने थेट तळ्यापर्यंत उतार. एका बाजूला खडक, दुसऱ्या बाजूला दरी. कठडा म्हणून चुना फासलेले दगड, तेही मध्येच गायब.

कप्तान हे नाव त्याला याच उताराने दिलं होतं. वळण आलं की तो पुढून ओरडायचा, “डावं!” “उजवं!” “खडी!” मागचे त्याच्या आवाजावर हँडल वळवायचे.

मास्तरची बायको, म्हणजे वहिनी, पहिल्यांदाच येणार होती.

“चढाचं काही नाही हो भावजी,” ती म्हणाली. “फार तर जीभ बाहेर येईल. भीती आहे ती उताराची. तुम्ही पुढे आहात म्हणून हो म्हटलं. ह्यांच्या भरवशावर तर मी जिनासुद्धा उतरत नाही.”

“एवढ्या वर्षांच्या संसाराचं हे बक्षीस,” मास्तर म्हणाला.

सगळे हसले. कप्तानही हसला. हसताना त्याने कप दोन्ही हातांनी धरला.

गेल्या महिन्यात जेवताना तो मध्येच थांबला होता. घास हातात, डोळे उघडे. बायकोला वाटलं, रुसलाय. तिने हाका मारल्या, मग खांदा धरून हलवलं. त्याला फक्त ते हलवणं आठवत होतं. नंतर एकदा इथेच झालं. “काय राव, उभ्या उभ्या झोप लागली का?” गिऱ्हाईक विचारत होतं, आणि वस्तरा त्याच्या कानाखाली टेकलेला होता. कप्तानने जांभईचं सोंग केलं. त्या दिवसापासून वस्तरा हातात घेतला की त्याच्या तळव्याला घाम सुटायचा.

डॉक्टरकडे तो गेला नव्हता. डॉक्टर त्याला काहीतरी नाव देणार, आणि ते नाव गल्लीभर होणार. मग याच्या वस्तऱ्यापुढे मान कोण देणार?

“भावजी, समजा मी फारच मागे पडले,” वहिनी विचारत होती, “तर तुम्ही...”

“ठरलं तर मग!” मास्तर नकाशाची घडी घालत होता.

काय ठरलं? कप्तानने खाली पाहिलं. कप तिरका झाला होता. चहा पॅंटवरून बुटात गेला होता. चटका आत्ता लागला.

बेकरीवाला फोनवर खोल्या बघण्यात गुंग होता. वहिनी मात्र कप्तानकडेच पाहत होती.

“मी विचारलं, मागे पडले तर थांबाल ना? तुम्ही नुसतेच बघत राहिलात,” ती म्हणाली. मग स्वतःच हसली. “म्हटलं, हे काय विचारणं झालं! थांबणारच. मी आपली तुमच्या मागच्या चाकावर नजर ठेवणार. दरीकडे बघायचंच नाही.”

कप्तानच्या डोळ्यांपुढे उतारावरचं वळण आलं. तिथे कुणी ओरडत नव्हतं. पुढची सायकल सरळ चालली होती, आणि तिच्या चाकावर नजर ठेवून मागची.

“उताराला मी पुढे नसणार,” तो म्हणाला.

“मग काय, मागून ढकलणार?” बेकरीवाल्याने फोनमधून मान वर काढली नाही.

“मी येणारच नाही.” त्याला बोलताना धाप लागत होती. “मला मधूनच काहीतरी होतं. डोळे उघडे असतात, पण मी तिथे नसतो. आत्ताही झालं. वहिनींनी पहिल्यांदा विचारलं, ते मला ऐकूच आलं नाही.”

वहिनी उठली आणि तिने त्याच्या हातातून कप काढून घेतला. तो तिने बेसिनमध्ये ठेवला.

“आणि मी तुमच्या मागे...” ती म्हणाली.

मास्तर त्याच्या शेजारी येऊन उभा राहिला. “उद्या डॉक्टरकडे जायचं. मी रजा टाकतो. घाट कुठे पळून जात नाही.”

“हो ना. एवढंच होतं तर आधी बोलायचंस, वेड्या,” बेकरीवाला म्हणाला.

कप्तानच्या छातीवरचं ओझं थोडं हललं. हे लोक त्याला सोडणार नव्हते. बरं वाटून त्याने बेकरीवाल्याकडे पाहिलं.

बेकरीवाला खुर्चीत आरशाकडे वळला होता. त्याने हनुवटी वर केली होती आणि त्याची बोटं गळ्यावरून सावकाश फिरत होती, एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. आज दुकान उघडल्या उघडल्या पहिली दाढी त्याचीच झाली होती.

आरशात त्यांची नजरानजर झाली.

“छान झालीय,” बेकरीवाला घाईघाईने म्हणाला. हात मात्र गळ्यावरच राहिला.