उलटी फेरी

नदीकाठच्या रानातली वाट गोल होती आणि कुलूपवाला तिच्यावर मुद्दाम उलटा निघाला होता. उलट चालणाऱ्याला समोरून येणारा चुकत नाही, मग ते मांजर असो की बोका.

त्याला धरायचं होतं 'पाणमांजर'. या टोपणनावाचं कुणीतरी रानात डब्या लपवायचं आणि त्यांचा ठावठिकाणा फोनवर टाकायचं. सोबत त्या जागेची एकेक गोष्ट: मोडक्या पाणचक्कीची, वाहून गेलेल्या पुलाची, भर पुरात नवरीला दाराच्या फळीवर बसवून पैलतीरी नेणाऱ्या नावाड्याची. खोटं वाटलं तर नदीला विचारा! डबी शोधायची, आतली वस्तू घ्यायची, बदल्यात आपली एक ठेवायची, असा तो खेळ.

कुलूपवाल्याची बायको या खेळापायी खुळावली होती. घरात सासूशी अबोला, नवऱ्याशी हूं की चूं नाही. पाणमांजराचं नाव निघालं की मात्र जीभ सैल.

"काय गोष्ट रंगवतो हो मेला! तुमच्या तोंडून निघालीय का कधी अशी एक तरी?"

झालं, याचं पित्त खवळलं. अख्ख्या गावाची कुलपं उघडणारा माणूस आणि बायकोच्या मनाची किल्ली भलत्याच्याच खिशात!

पाणचक्कीच्या वळणावर काठीची टकटक आली. पाठमोरं कुणीतरी वाकून झाडाच्या ढोलीत डबी सरकवत होतं. कुलूपवाल्याने झेप घेतली आणि मनगट धरलं.

ती त्याची आई होती.

"सोड रे गाढवा!" म्हातारी गुडघा धरून मटकन खाली बसली. "घरात दूध उतू जातंय म्हटलं तरी तुझ्या बायकोला टोचतं. इथे माझ्या गोष्टीपायी काटे तुडवत येते. मी आहे हे कळलं, तर पुन्हा फिरकायची नाही. तोंडातून ब्र काढलास तर बघ!"

तेवढ्यात पाचोळा वाजला. मायलेक धडपडत झुडपामागे दडले.

बायको आली. तिने डबी काढली, आतला शिंपला उचलून पदराला पुसला आणि खुदकन हसली. मग पिशवीतून गुडघ्याला चोळायच्या मलमाची ट्यूब काढून तिने डबीत ठेवली.