काहिलीतली पाहणी

“या खोऱ्यातल्या शेवटच्या शेतकऱ्यापर्यंत शासन पोचलेलं आहे,” असं कर्नाटकाच्या कृषी खात्याचे साहेब म्हणाले आणि पुढचं पाऊल टाकताच गुडघ्यापर्यंत चिखलात गेले. पाय परत आला. बूट आला नाही.

शेवटचा शेतकरी, सिद्राम, समोरच उभा होता. त्याचं सोयाबीन त्याच्याही पुढं, वेदगंगेच्या पाण्याखाली. आज नववा दिवस. बघणाऱ्याला शेत दिसतच नव्हतं. नदी तेवढी रुंद झाल्यासारखी वाटायची.

नुकसानीची नोंद मोबाइलवर व्हायची होती आणि आज शेवटची तारीख. नोंद झाली तर रब्बीला हरभऱ्याचं बी मिळणार. घरातलं बी कणगीसकट पुरानं नेलं होतं. नोंद नाही तर बी नाही, आणि बी नाही तर त्याच्या बायकोनं, सोनुबाईनं, तीस वर्षं विड्या वळून घेतलेलं दीड एकर रान पडीक. तिला जाऊन दोन वर्षं झाली. रान मोकळं ठेवू नका, एवढंच ती जाताना नवऱ्याला बोलली होती.

साहेबांनी मोबाइल दाखवला. पडद्यावर लाल ठिपका होता. “शेतकरी आपल्या शेतात उभा पाहिजे. मग हा हिरवा होतो.”

“शेतात नदी हाय की, साहेब.”

“ते ॲपला माहीत नाही.”

मग शेजारच्या कुंथुनाथनं गुऱ्हाळाची काहील आणली. उसाचा रस आटवायची ती भली मोठी लोखंडी कढई उचलायला आठ माणसं लागतात, पण पाण्यात पानासारखी तरंगते. पुरात गावाची नाव तीच. सिद्रामचा बाप जन्मभर कुंथुनाथच्या मळ्यात राबला. आज कुंथुनाथ बांबू मारीत होता आणि सिद्राम साहेबांसोबत मधोमध मांडी घालून बसला होता.

“तुझा बा बघाय पायजे हुता रं,” कुंथुनाथ म्हणाला.

“न्हाय त्येच बरं, आप्पा. उतर म्हणला असता.”

बांधावरची बाभळ दिसली तसा सिद्राम म्हणाला, “हितं.” ठिपका हिरवा झाला. तिघांनाही घटकाभर बरं वाटलं. साहेबांनी सिद्रामचा फोटो काढला. पडद्यावर अक्षरं उमटली : पीक दिसत नाही. पीक दिसेल असा फोटो घ्या.

पाऊस भुरभुरत होता. सिद्रामनं टोपी काढून कुंथुनाथकडं दिली आणि काठावरून पाण्यात उतरला. काहील एका अंगाला कलली. साहेबांनी कानडीत देवाचं नाव घेतलं.

पाणी छातीला लागलं. तळ पायांच्या ओळखीचा होता. त्यानं नाक दाबून बुडी मारली. पहिल्या बुडीत चिखल आला. दुसरीतही चिखलच. तिसऱ्यांदा वर आला तेव्हा मुठीत सोयाबीनची चार झाडं होती, काळी, बुळबुळीत, शेंगा कुजलेल्या. ती त्यानं डोक्यावर धरली.

“हसू नका,” साहेब म्हणाले.

तो हसत नव्हता. दात वाजत होते.

फोटो गेला. उत्तर आलं. साहेबांनी ते आधी मनात वाचलं. मग, सिद्राम बघतोय म्हणून, मोठ्यानं.

“पीक भात. पाणी मुबलक. नुकसान काही नाही.”

“सोयाबीन हाय ते.”

“मला दिसतंय हो. पण पाण्यात उभं दिसलं की भात, असं त्याला शिकवलंय.”

“मग पुसा की.”

“बेंगळुरूला पोचलं. पुसता येत नाही.” साहेब अजून वाचतच होते. आवाज बारीक झाला. “खाली आणखी आलंय. उत्तम पाणी व्यवस्थापन. आदर्श शेतकरी म्हणून शिफारस.”

कुंथुनाथनं बांबू रोवला आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

“आन् बियाचं?”

“नुकसान नाही, तर बी कसं मिळणार?”

सिद्राम मुठीतल्या झाडांकडं बघत राहिला. मग ती त्यानं हळूच पाण्यावर सोडली. बाभळीला वळसा घालून ती खाली निघून गेली.

साहेबांना वाईट वाटलं असावं. त्यांनी ओला खिसा चाचपून पेन काढलं. “तुमचं काही म्हणणं असेल तर सांगा. मी स्वतः लिहून घेतो.”

सिद्रामनं थोडा विचार केला. ओठ निळे पडले होते.

“म्हणणं काय न्हाय, साहेब,” तो म्हणाला. “तेवढं मला वर घ्या.”